आधी तो टॉवेल सोडा

कॅज्युअल्टीतून निरोप आला तो 'मशीनमध्ये पाय सापडलाय' असा. पेशंट इचलकरंजीचा म्हटलं की कोल्हापुरात पहिला तर्क तोच असतो. खाली स्ट्रेचरवर पन्नाशी ओलांडलेला यंत्रमाग कामगार होता. पाठीला उशी देऊन बसवलेला, डावा पाय कडेवरून खाली लोंबतोय. मांडीला टॉवेल आणि त्यात लाकडी पट्टी घालून पीळ दिलेला. गुडघ्याखाली सुतळी. घोट्याच्या आतल्या बाजूला घाईघाईत मारलेले तीन टाके, आणि सुईच्या भोकांतूनच रक्त ओघळतंय. नाडी १२८, बीपी ८०/५०, जीभ पांढरीफटक. हाड शाबूत, बाकी कुठं खरचटलेलंसुद्धा नाही. दुखतंय का विचारलं तर म्हणाला, "दुखत काय न्हाई साहेब, रगातच थांबंना."

न दुखता लागलेली काळसर रक्ताची धार, जागा घोट्याजवळची, काम आयुष्यभर उभ्यानं. इथं निदानाला कुठलंही यंत्र लागत नाही. फुगलेली शीर फुटली होती.

आधी त्याला सपाट आडवं केलं. मग स्ट्रेचरची पायाकडची बाजू उचलून टाचेखाली दोन उशा, टाच छातीच्या वर येईल इतकी. मग गॉजची एक घडी आणि तिच्यावर अंगठा. टॉवेल आणि सुतळी त्यानंतर सोडली. सिस्टर बिचकल्या, "सर, सोडलं तर धार लागेल." झालं उलटंच. टॉवेल सैल झाला आणि गॉजखालचं रक्त थांबलं. घड्याळ लावून १५ मिनिटं अंगठा तसाच ठेवायचा. मधेच 'थांबलं का बघू' म्हणून उचलायचा नाही. धरलेली गुठळी त्या बघण्यातच निघते. नंतर त्या जागेवर कापसाची घट्ट घडी आणि बोटांच्या मुळापासून गुडघ्यापर्यंत बँडेज. दोन्ही हातांना सलाईन, रक्ताच्या दोन पिशव्या सांगितल्या.

आल्या आल्या काढलेलं हिमोग्लोबिन ११.२ आलं आणि इंटर्न हुश्श झाला. हा आकडा त्या वेळी फसवा असतो. रक्त जातं तेव्हा पेशी आणि पाणी दोन्ही सारख्याच प्रमाणात जातात, त्यामुळं उरलेल्या रक्ताचा दाटपणा लगेच बदलत नाही. सलाईन चढल्यावर आणि शरीरानं पाणी ओढून घेतल्यावर खरा आकडा दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ७.१ होता. पहिल्या तासात विश्वास ठेवायचा तो नाडीवर.

टॉवेलचं काय चुकलं ते नीट सांगायला हवं, कारण बांधणारा त्याचा मुलगा होता आणि त्यानं जीव तोडून बांधलं होतं. शिरेतला दाब हा मुख्यतः उंचीचा हिशेब. माणूस उभा असला की हृदयापासून घोट्यापर्यंत जवळजवळ सव्वा मीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ असतो आणि घोट्याशी त्याचा दाब ८० ते ९० मिलिमीटर पारा भरतो. चालायला लागलं की पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो, शिरेतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत आणि हाच दाब ३० च्या खाली उतरतो. झडपा निकामी झालेल्या माणसात तो चालतानाही फारसा उतरत नाही. आडवं पडलं की १० ते १५, आणि पाय छातीच्या वर गेला की जवळपास शून्य. म्हणजे ही धार थांबवायचं निम्मं काम नुसतं झोपवल्यानं होतं.

आता मांडीवरचा टॉवेल. आत रक्त आणणारी धमनी बंद करायची तर वरच्या बीपीपेक्षा बराच जास्त दाब लागतो, आणि मांडीच्या जाडजूड स्नायूवर हातानं आवळलेल्या फडक्यानं तेवढा दाब सहसा येत नाही. शीर मात्र त्याच्या पाव दाबात मिटते. आत येणारा रस्ता चालू, परतीचा बंद, आणि मधे घोट्याला भोक. मग रक्त जाणार कुठून? धमनी कापली गेली असेल, मागात हात अडकून तुटला असेल, तर दंडावर नीट पट्टा आवळणं जीव वाचवतं, त्याबद्दल वाद नाही. पण रक्त कसलंही असो, पहिली गोष्ट म्हणजे वाहतंय तिथंच थेट दाबणं. आपल्याकडं मात्र उसात साप चावल्यावर वर बांधायची सवय इतकी मुरली आहे की पायाला काहीही झालं तरी हात आपोआप टॉवेलकडं जातो. सापाच्या बाबतीतही तसं बांधू नका असंच आता सांगितलं जातं, पण ते ऐकतो कोण.

घडलं ते असं. रात्रपाळी उरकून हे कामगार मामा घरी आले, बंबातलं कडक पाणी घेतलं, घोट्याला खाज होती म्हणून वजरीनं घासलं. गरम पाण्यानं शिरा आणखी रुंदावतात, वर दिवसभराचा नाही तर रात्रभराचा उभ्याचा दाब. वजरीनं एक काळी खपली निघाली आणि धार समोरच्या भिंतीला लागली. दुखलं नाही, त्यामुळं न्हाणीतलं पाणी लाल दिसल्यावरच लक्षात आलं. काय झालंय बघायला उभे राहिले आणि चक्कर येऊन पडले. पाय उंबऱ्यावर, डोकं आत.

ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्या पडण्यानं रक्त थांबलं होतं. बायकोनं स्वतः सांगितलं, "मालक पडलं तवा थांबलंतं की." मग शेजारी धावले, चौघांनी उचलून खुर्चीत बसवलं, कांदा हुंगवला, पाणी पाजलं, आणि धार परत सुरू झाली. शरीरानं स्वतःच केलेला उपाय मदतीला आलेल्यांनी मोडला. जवळच्या दवाखान्यात टाके पडले तेही खुर्चीतच, पाय खाली सोडून. तिथून गाडीत बसवून तीसेक किलोमीटर, पाय पुन्हा खालीच. एकानं जरी झोपवलं असतं तरी मामा इथं चालत आले असते.

टाके घालणाऱ्या डॉक्टरला फार बोल लावत नाही, पण टाक्याला धरायला कातडी लागते आणि ती तिथं नव्हती. दुसऱ्या दिवशी बँडेज सोडून उजेडात पाय पाहिला. घोट्याच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा भाग तपकिरी-काळा. फुगलेल्या शिरांतून तांबड्या पेशी बाहेर झिरपतात, त्यातलं लोह कातडीत साठतं, त्याचा हा रंग. बोटानं दाबलं तर सूज खचत नव्हती. कातडी आणि तिच्याखालची चरबी कडक होऊन एक झालेली. पोटरी वर रुंद, घोट्याशी एकदम आवळलेली. आणि या काळ्या भागात चार-पाच निळसर फुगे, दोन-तीन मिलिमीटरचे, त्यांच्यावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. त्यातल्या एकावर अजून एक काळी खपली होती, तिळाएवढी. ही खपली म्हणजे शीर आतून कातडीला भिडली असल्याची खूण. असा ठिपका दिसला की महिनाभरानं या म्हणायचं नाही. मामांना मात्र त्यासाठी खाजेचं मलम मिळालं होतं, दोन ठिकाणी, दोन वेगवेगळ्या ट्यूब.

खरा राग आला तो फायलीतला एक कागद बघून. आधीच्या वर्षी पाय जड होतो, सुजतो म्हणून त्यांनी डॉपलर, म्हणजे शिरांतला प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घेतलं होतं, पदरचे पैसे घालून. रिपोर्टमध्ये एक ओळ: खोल शिरेत गुठळी नाही, तपासणी नॉर्मल. हा रिपोर्ट खोटा नाही. विचारलं ते सांगितलंय. पण तपासणी झोपवून केलेली, आणि झोपलेल्या माणसात झडप गळते की नाही हे नीट कळतच नाही. त्या 'नॉर्मल' शब्दावर मामा वर्षभर निर्धास्त राहिले, त्यांच्या डॉक्टरांनीही रक्त पातळ राहायची गोळी देऊन विषय संपवला.

आम्ही उभं करून पाहिलं. वजन दुसऱ्या पायावर, तपासायचा पाय गुडघ्यात किंचित वाकवून बाहेर वळवलेला. प्रोब जांघेत, जिथं पायाची मोठी वरची, म्हणजे कातडीलगतची, शीर खोल शिरेला मिळते तिथं. दुसऱ्या हातानं पोटरी दाबायची आणि एकदम सोडायची. दाबल्यावर रक्त वर जातं; सोडल्यावर झडप ठीक असेल तर लगेच थांबतं. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ खाली वाहिलं तर झडप गेली. मामांचं चार सेकंद खाली वाहत होतं. मांडीत शिरेची रुंदी साडेनऊ मिलिमीटर; निरोगी पायात ती तीन-चारच्या घरात असते. घोट्याच्या वर, फुटलेल्या जागेच्या बरोबर आत, खोल शिरेतून वर येणारी एक जोडशीर ४.२ मिलिमीटरची, तीही गळकी. खोल शिरा मोकळ्या होत्या, आणि हे बघितल्याशिवाय वरची शीर कधीही बंद करू नये. मामा बिड्या ओढतात म्हणून घट्ट बँडेज चालेल का हेही पाहिलं: हाताचं वरचं बीपी १२६, घोट्याचं ११८, गुणोत्तर ०.९४. हे ०.८ च्या खाली असतं तर नेहमीचं घट्ट बँडेज दिलं नसतं आणि ०.५ च्या खाली असतं तर बँडेजचं नावच काढलं नसतं. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला घट्ट बँडेज बांधलं तर बोटं काळी पडतात.

हिमोग्लोबिन सावरल्यावर लेझर केलं, म्हणजे गळकी शीर आतून भाजून बंद केली. गुडघ्यापाशी शिरेत सुई, तिच्यातून फायबर वर सरकवायचा आणि टोक जांघेतल्या जोडापासून दोन सेंटिमीटर अलीकडं थांबवायचं. पुढं गेलं तर खोल शिरेत गुठळीचा धोका. मग या कामातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग: ५०० मिलिलिटर थंड सलाईनमध्ये अॅड्रिनॅलिन घातलेलं २ टक्के लिग्नोकेन हे भुलीचं औषध २५ मिलिलिटर आणि सोडाबायकार्ब १० मिलिलिटर मिसळून ते शिरेभोवतीच्या पदरात भरायचं, दर सेंटिमीटरला साधारण १० मिलिलिटर. सोनोग्राफीत शीर मधोमध आणि भोवती पाण्याचं काळं कडं दिसायला हवं. यानं भूल मिळते, शीर फायबरवर आवळली जाते आणि बाहेरची कातडी भाजत नाही. घाई करणारे नेमकं इथंच हात आखडतात आणि मग पेशंट महिनाभर मांडीला जळजळ होते म्हणून फिरतो. गुडघ्याच्या खाली लेझर नेलं नाही, तिथं संवेदनेची नस शिरेला चिकटून चालते.

घोट्याच्या फुग्यांना फोम. दोन सिरिंज, मधे थ्री-वे नावाची तीन तोंडांची तोटी, एक भाग पॉलिडोकॅनॉल हे शीर मिटवणारं औषध आणि चार भाग हवा, विसेक वेळा इकडून तिकडं ढकललं की दाट पांढरा फेस होतो. टेसारी नावाच्या इटालियन डॉक्टरची ही पद्धत. फेस दोनेक मिनिटांत विरघळायला लागतो, म्हणून आधी सुई शिरेत आणि मग फेस, उलट नाही. फुग्यात सुई मारायची नाही; बाजूच्या धडधाकट कातडीतून त्याला पोसणाऱ्या शिरेत जायचं. टेबलावरून उतरल्यावर मामांना लगेच वॉर्डात चालवलं. ऑपरेशन झालं म्हणून घरचे झोपवून ठेवतात आणि तेच नडतं.

शिरांवर दाब देणाऱ्या घट्ट मोज्यांचं सांगायचं तर, मामा ते घालत नाहीत. मागाच्या शेडमधला उकाडा, कापसाची धूळ चिकटते, खाजतं. त्यांचं खोटं नाही. शिवाय दुकानात माप सकाळी, सूज चढायच्या आत, घोट्याच्या सगळ्यात बारीक आणि पोटरीच्या सगळ्यात जाड जागी घ्यायचं असतं, तिथं विचारतात 'एल देऊ का एक्सएल'. ढिला मोजा निरुपयोगी, आणि वरून गुंडाळत खाली आलेला मोजा पोटरीवर सुतळीचंच काम करतो. तडजोड ठरली ती अशी: झोपताना पायाकडच्या खाटेच्या पायांखाली दोन विटा, आणि पाळीवर दर वेळी मागातली सुताची कांडी बदलताना टाचा दहादा वर-खाली. मागावरचा कामगार बारा तास हिंडतो खरा, पण दोन-दोन पावलं. त्यात पोटरी पुरती आवळत नाही. वजरी न्हाणीतून गेली आहे, हे बायकोनं बघितलंय. उजवा पाय अजून बाकी आहे. त्यावर फुगे आहेत, काळा ठिपका नाही. "दिवाळी होऊ दे," म्हणतात. मुलाला अंगठा कुठं आणि कसा दाबायचा ते करून दाखवलंय.

आता गावोगावच्या डॉक्टरांना चिठ्ठीवर नुसतं 'व्हीनस डॉपलर' लिहू नका म्हणून सांगत असतो. 'दोन्ही पाय, उभं करून, रिफ्लक्स (रक्त उलटं खाली वाहणं) किती सेकंद आणि शिरेची रुंदी किती' असं लिहायचं. तसं लिहिल्यावर एका सोनोग्राफी सेंटरातून फोन आला. उभं करून केलं तर प्रोब घोट्यापर्यंत न्यायला डॉक्टरांना जमिनीवर बसावं लागतं, आणि एका पेशंटला अर्धा तास जातो, तेवढ्यात पोटाच्या चार सोनोग्राफ्या होतात. तक्रार रास्त आहे. दोन पायऱ्यांचं, धरायला दांडा असलेलं लोखंडी स्टूल कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं बनवून मिळतं. पेशंट त्यावर, डॉक्टर चाकाच्या बुटक्या खुर्चीवर. अर्ध्या तासाचं मात्र माझ्याकडं उत्तर नाही.