वस्तऱ्याची मूठ आणि पाचरीने खाल्लेले पाच आठवडे

आजोबांचा, जर्मनीतील झोलिंगेनचा शिक्का असलेला वस्तरा माझ्या हाती आला तेव्हा त्याच्या मुठीला कापराचा उग्र दर्प येत होता आणि पात्याचा जो भाग मुठीत दडून राहतो, नेमक्या त्याच भागावर गंजाचे ठिपके पडले होते. मूठ सेल्युलॉइडची होती. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनणारे हे द्रव्य जुने होऊन कुजू लागले की त्यातून आम्लयुक्त वाफ सुटते आणि ती पोलाद खाते. ज्यांच्या घरी अशी मूठ असेल त्यांनी ती पात्यापासून लगेच वेगळी करावी आणि आगीपासून दूर ठेवावी, कारण ती क्षणात पेटते.

म्हणून मी शिंगाची नवी मूठ करायचे ठरवले. मुठीच्या दोन पट्ट्या जोडणाऱ्या प्रत्येक जुन्या पिनेचे डोके कानशीने घासून ती ठोकून बाहेर काढणे, उत्तर प्रदेशातील संभल येथून म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या मागवणे, कोल्हापूरच्या जुलैतील दमट हवेत त्यांना आलेला बाक गरम पाण्यात मऊ करून दोन फळ्यांमध्ये दाबून काढणे, ही कामे आठवडाभरात झाली. दोन्ही पट्ट्या दुहेरी चिकटपट्टीने एकमेकींना चिकटवून एकदमच कापाव्यात आणि एकदमच भोके पाडावीत, म्हणजे त्या तंतोतंत सारख्या येतात. शिंग घासताना केस जळल्यासारखा वास येतो आणि भुकटी बारीक उडते, त्यामुळे तोंडाला मास्क हवाच.

नक्षीसाठी मी कोल्हापुरी साजातील चंद्रकोर घेतली. ३ मिलिमीटर जाडीच्या काळ्या पट्टीत अर्ध्या खोलीची तेरा भोके पाडून त्यांत पितळी तारेचे तुकडे अॅराल्डाइट या गोंदाने बसवले आणि पृष्ठभागाशी सपाट घासले. २२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून २००० पर्यंत आल्यावर काळ्या शिंगात ती कोर जी उमटली, तिचा मला आजही अभिमान वाटतो.

आणि इथेच माझे काम अडले. अशा वस्तऱ्याच्या मुठीला बहुधा तीन पिना असतात. एक पाते फिरते तिथे आणि दोन शेपटाकडे, जिथे दोन पट्ट्यांच्या मध्ये एक छोटी पाचर बसते. बारा मिलिमीटर लांबीची ही पाचर मी सागाची, अडीच मिलिमीटर जाडीची आणि सपाट केली. पिना मारून पाते मिटले तर ते उजव्या पट्टीला घासू लागले. मी पिना काढल्या, पाचर एका बाजूने घासली, पुन्हा पिना मारल्या, तर पाते डावीकडे गेले. असे तीनदा झाले. प्रत्येक वेळी १.६ मिलिमीटरच्या पितळी सळीचे नवे तुकडे, पिनेच्या डोक्याखालच्या नव्या चकत्या, आणि सळीसाठी उद्यमनगर या औद्योगिक भागात नवा हेलपाटा. चौथ्या वेळी घाईने हातोडी जोरात बसली आणि भोकापासून पट्टीच्या काठापर्यंत केसासारखी चीर गेली. ती चंद्रकोरीचीच पट्टी होती. संभलहून नवे शिंग येईपर्यंतचे अठरा दिवस मला फार जड गेले.

त्या दिवसांत चिरलेली मूठ घेऊन मी टिंबर मार्केटमधील एका वयस्कर सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी पाचर उजेडात धरली आणि म्हणाले, “साहेब, ही पाचर न्हवं, नुस्ता ठोकळा हाय. पुढं जाड आन् मागं बारीक केल्याबिगार पातं मधी यायचं न्हाई.” दोष तोच होता. पात्याच्या पिनेपाशी पट्ट्यांमध्ये पाच मिलिमीटरचे अंतर लागते, शेपटाला त्याच्या निम्मे. पाचर सपाट असेल तर पट्ट्या आधी समांतर धावतात आणि मग बाहेर वाकतात, त्यामुळे पाते जिथे मिटून बसते तिथेच त्या आत येऊन त्याला चिकटतात. पाचर निमुळती असली की पट्ट्या मुळापासूनच उघडत जातात आणि पात्याला दोन्हीकडे जागा मिळते. मी नवी पाचर पात्याच्या बाजूला अडीच आणि टोकाला दीड मिलिमीटर ठेवली. दोन्ही अंगे सारखी घासली जाणेही तितकेच गरजेचे आहे. एक बाजू किंचित जास्त घासली गेली तरी पाते कलते.

पिना मारण्यापूर्वी १.६ मिलिमीटरचे बारीक नट-बोल्ट घालून सगळी मूठ जुळवून पाहावी, ही गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर चार जोड पिना आणि एक पट्टी वाचली असती. पाते मिटल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंनी कागदाची पट्टी न अडकता गेली पाहिजे. पिना मारताना चकतीबाहेर एक मिलिमीटरहून कमी सळी ठेवून, सोनाराच्या लहान हातोडीने कडेकडेने हलके ठोके द्यावेत आणि दर काही ठोक्यांनी मूठ उलटी करावी. पितळ घासताना तापते आणि गोंद सुटतो, म्हणून पॉलिश पेपर ओला असावा. या सर्व काळात पात्याच्या धारेवर चिकटपट्टी हवी. ती नसल्याची खूण माझ्या अंगठ्यावर आहे.

नवी पट्टी आली, तेरा तुकडे पुन्हा बसवले आणि या वेळी पाते मिटताना कुठेही घासले नाही. दुसऱ्या एका वस्तऱ्यासाठी शिसवीच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. त्यांची पाचर मी आधीच घासून तयार केली आहे.