"आत काही नाही रे, पायऱ्याच फेमस आहेत!"

आज दुपारी मुंबईच्या फोर्टात, एशियाटिक सोसायटी या जुन्या अभ्यास-संस्थेच्या टाउन हॉलसमोर एक बाबा आपल्या मुलाला सांगत होते. मुलगा वर दाराकडे बोट दाखवत होता, बाबा फोटोसाठी त्याला खाली ओढत होते. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये.

कारण आत खूप काही आहे हो! हस्तलिखितं आहेत, जुनी नाणी आहेत, लाखाच्या वर पुस्तकं आहेत. नाना शंकरशेटांचा संगमरवरी पुतळा आहे.

आणि इमारतीची गोष्ट तर ऐकण्यासारखी. ग्रीक मंदिरासारखे समोर आठ डोरिक (साध्या ग्रीक धाटणीचे) खांब, आराखडा कर्नल थॉमस कूपरचा. पैशासाठी चक्क लॉटरी काढली होती! तेही पुरले नाहीत, मग कंपनी सरकारने भर घातली. 1833 मध्ये काम पुरं झालं.

मला सगळ्यात जास्त लागते ती पुढची गोष्ट. इथल्या सोसायटीची सुरुवात 1804 ची, पण पहिला भारतीय सभासद, माणेकजी करसेटजी, आत आला 1840 मध्ये. म्हणजे सोसायटीचं दार आपल्याच माणसाला उघडायला छत्तीस वर्षं गेली.

आणि आता दार उघडं आहे, तर आपण पायऱ्यांवरूनच परत फिरतो. फार वाईट वाटलं.

तुमच्या शाळेची सहल कधी आतपर्यंत गेली होती का?