टक्केवारी आणि पाण्याची बाटली

माझ्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. ती सव्वा वर्षाची असताना तिच्या हातापायांची बोटे सुजली, रडणे थांबेना आणि गावातले औषध लागू पडेना, तेव्हा इलेक्ट्रोफोरेसिस नावाच्या रक्ततपासणीत ‘एसएस पॅटर्न’ निघाला, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून दोष आलेला. मी आणि माझी पत्नी दोघेही ‘एएस’, म्हणजे स्वतः आजारी नसलेले पण दोष मुलांना देऊ शकणारे वाहक आहोत, हेही आम्हांला त्याच दिवशी समजले. पूर्व विदर्भातील आमच्या धानपट्ट्यात ही अक्षरे एवढी ओळखीची आहेत की काही घरांत सोयरीक जुळवतानाही आता रिपोर्ट मागितला जातो. असे असूनही, चालणारी, पळणारी आणि बडबड करणारी आपली मुलगी कायद्याच्या भाषेत ‘दिव्यांग’ ठरू शकते, हे तिच्या चौथ्या इयत्तेपर्यंत माझ्या डोक्यात आले नव्हते, आणि तिच्या गुरुजींच्याही नाही.

प्रश्न सुरू झाला तो गैरहजेरीवरून. आमच्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडते आणि लगेच पाऊस लागतो. त्या वर्षी दोनदा भिजणे झाले, पाय आणि पाठ दुखू लागली, एकदा पाच दिवस रुग्णालयात सलाइन लावावे लागले. ऑगस्टपर्यंत तिचे 17 दिवस बुडाले होते. जे दिवस ती शाळेत जाई, त्या दिवशीही तक्रार असेच, कारण ती सारखी लघवीला जाण्याची परवानगी मागे. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची पाणी राखून धरण्याची शक्ती कमी होते. त्यामुळे पाणी भरपूर प्यावे लागते आणि लघवीलाही वारंवार जावे लागते. पाणी कमी पडले तर दुखणे उसळण्याचा धोका असतो. हे आम्हांला ठाऊक होते, पण शाळेला आम्ही कधी नीट सांगितले नव्हते. बाईंना वाटे की मुलगी अभ्यास टाळते. मुलीने त्यावर स्वतःच उपाय काढला होता : ती शाळेत पाणीच पीत नसे.

एके दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावले आणि सुचवले की तिला गृहाधारित शिक्षणात टाकावे, म्हणजे हजेरीचा प्रश्नही राहणार नाही आणि तिचे हालही होणार नाहीत. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, हे मी आजही सांगेन. दोन शिक्षकांवर चार वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला एक काळजी कमी करायची होती. मी अर्ज लिहून द्यायला जवळजवळ तयार झालो होतो. घरी आल्यावर पत्नीने एकच विचारले, “घरी शिकवन कोन? तुमी बांधीत, मी रोवण्यात.” अर्ज तसाच राहिला.

त्याच आठवड्यात औषधासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो असता तिथल्या समुपदेशक ताईंनी सहज विचारले की दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढले का. मला वाटले, त्या चुकून दुसऱ्याच कोणाशी बोलत आहेत. मग त्यांनी सांगितले की 1995 च्या जुन्या कायद्यात सातच प्रकारचे दिव्यांगत्व होते, पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये ते 21 झाले, आणि त्यांत हिमोफिलिया आणि थॅलेसिमियाबरोबर सिकलसेलचेही नाव आहे. हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. म्हणजे माझी मुलगी बालवाडीत जाण्याआधीपासून तो लागू होता.

प्रमाणपत्राची प्रक्रिया कागदावर सोपी आहे. आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा आणि तपासणीचे कागद घेऊन गावातल्या सेवा केंद्रातून ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर युडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, नोंदणी करायची आणि मग वैद्यकीय मंडळासमोर हजर व्हायचे. प्रत्यक्षात जिल्हा रुग्णालय आमच्यापासून 60 किलोमीटर दूर आहे आणि मला तीन फेऱ्या पडल्या. पहिल्या फेरीत ज्या डॉक्टरांनी तपासायचे ते रजेवर होते, दुसऱ्या फेरीत आमचा रिपोर्ट फार जुना ठरला, तिसऱ्या फेरीत काम झाले. या तीनही फेऱ्या रोवणीच्या दिवसांत झाल्या, आणि ज्याच्या घरी धान आहे त्याला याचा अर्थ सांगायला नको. जाणाऱ्यांनी एवढे मात्र करावे की रुग्णालयात भरती झाल्याचे प्रत्येक कार्ड, रक्त चढवल्याची प्रत्येक नोंद आणि औषधाच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावून न्याव्यात. मुलगी मंडळासमोर उभी राहते त्या दिवशी ती बरी असते, आणि तिचे दुखणे दाखवणारे काही असेल तर ते हे कागदच असतात.

प्रमाणपत्र आले तेव्हा त्यावरचा आकडा 40 टक्क्यांच्या आत होता. एका कार्यालयातील लिपिकाने तो पाहून कागद परत माझ्याकडे सरकवला आणि म्हटले की 40 च्या खाली असेल तर याचा काही उपयोग नाही. त्यांच्यासमोर दुसऱ्यांच्या कामांचा ढीग होता, मी काही विचारले नाही. घरी येऊन प्रमाणपत्र पेटीत टाकले आणि पंधरा दिवस त्याकडे पाहिलेही नाही.

ते बाहेर काढायला लावले पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांनी. शासनाच्या समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणासाठी, म्हणजे दिव्यांग मुलांनी इतरांबरोबर शिकावे यासाठी, असे शिक्षक नेमलेले असतात. तालुक्यातील अनेक शाळा एकाच व्यक्तीकडे असतात, त्यामुळे ते आपल्या शाळेत कधी येतात याची वाट पाहण्यापेक्षा आपणच केंद्रावर जाणे बरे, असे मला एका पालकाने सांगितले होते. मी गेलो. सरांनी प्रमाणपत्र पाहिले आणि विचारले, “भाऊ, तुम्हाला पैसे पाहिजेत की शाळेने पोरीशी नीट वागावे असे पाहिजे?” मी म्हटले, दुसरे. तेव्हा ते म्हणाले की मग टक्केवारीचा प्रश्नच कुठे येतो.

त्यांनी समजावले ते मी नंतर मराठी प्रतीत स्वतः वाचले, दोनदा वाचावे लागले, कारण अधिनियमाची मराठी ही एक वेगळीच बोली आहे. कायद्यात दोन निरनिराळ्या व्याख्या आहेत. कलम 2 मध्ये ‘दिव्यांग व्यक्ती’ कोणाला म्हणावे हे सांगितले आहे. ज्याला दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव आहे आणि भोवतालच्या अडथळ्यांशी गाठ पडल्यामुळे ज्याला इतरांच्या बरोबरीने समाजात पूर्ण सहभाग घेता येत नाही, ती दिव्यांग व्यक्ती. यात टक्केवारीचा उल्लेख नाही. ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ ही दुसरी व्याख्या आहे आणि 40 टक्क्यांची अट तिथे येते. कलम 31 मधील 6 ते 18 वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाचा हक्क, उच्च शिक्षणातील 5 टक्के जागा, मोफत पुस्तके आणि साधने या गोष्टी त्या दुसऱ्या व्याख्येशी बांधलेल्या आहेत. पण कलम 16 तसे नाही. शासनाने अनुदान दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या प्रत्येक शाळेने दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इतरांबरोबर शिकवावे, प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी, त्याचा सहभाग आणि प्रगती पाहत राहावी, ही कर्तव्ये त्यात आहेत, आणि 40 हा आकडा त्या कलमात कुठेही नाही. आमची मुलगी पहिल्या व्याख्येत बसत होती, आणि आम्ही आजवर फक्त दुसरीच व्याख्या हातात धरून बसलो होतो.

‘अडथळ्यांशी गाठ पडल्यामुळे’ या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो. माझ्या मुलीच्या रक्तातला दोष शाळा दूर करू शकत नाही, पण बाटली दप्तरातच ठेवण्याचा नियम आणि कडी नसलेले स्वच्छतागृह हे अडथळे शाळेच्या हातातले होते. कायदा वाचण्याआधी मी या दोहोंना एकच दुखणे समजत होतो.

गृहाधारित शिक्षणाचाही उलगडा तिथेच झाला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 यात 2012 साली दुरुस्ती झाली, आणि बहुविकलांग किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क मिळाला. निवडण्याचा हक्क मुलाचा आहे, आणि तोही अशाच मुलांसाठी. शाळेने एखाद्या मुलाला घरी पाठवण्यासाठी तो दिलेला नाही. माझी मुलगी त्या वर्णनात बसतच नव्हती. त्याच कायद्यात असेही आहे की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, त्यामुळे गैरहजेरीने नाव कटेल ही जी भीती आम्ही दोन महिने बाळगली होती, तीही निराधार निघाली.

सरांनी सुचवले की हे सगळे मुख्याध्यापकांच्या टेबलावर आदळू नका, शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि मी त्यांपैकी एक होतो. तोपर्यंत त्या बैठकीत मी मुख्यतः पोषण आहाराच्या तांदळाविषयीच बोललो होतो. पोळा आणि तान्हा पोळा झाल्यावरच्या बैठकीत विशेष शिक्षक स्वतः आले आणि कलम 16 त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले.

ती बैठक गोड झाली नाही. एका पालकाने विचारले, “तुमच्याच पोरीले बाटली काहून? आमच्या पोट्ट्यायले तहान नाही लागत का?” मला राग आला होता, पण प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर शेवटी असे निघाले की बाटली सर्वच मुलांनी बाकाजवळ ठेवावी. मुख्याध्यापकांचा प्रश्न याहून अवघड होता. उद्या वर्गात तिला काही झाले तर जबाबदार कोण, असे त्यांनी विचारले, आणि त्यांच्या आवाजात मला प्रथमच भीती ऐकू आली. इतके दिवस मी जिला टाळाटाळ समजत होतो ती ही भीती होती. शिक्षकाला कायदा कर्तव्य सांगतो, पण ताप चढलेल्या सिकलसेलच्या मुलीचे दुपारी दोन वाजता नेमके काय करायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. ती माहिती आमच्याकडे होती, आणि ती आम्ही दिली नव्हती. ही चूक आमची होती, असे मी बैठकीतच कबूल केले.

मग एका पानावर सगळे लिहिले गेले. मुलीने पाणी केव्हाही प्यावे आणि न विचारता लघवीला जावे. पावसात आणि थंडीत परिपाठाला तिने वर्गात बसावे. खेळाच्या तासाला धावण्याऐवजी गुण मोजण्याचे किंवा पंचाचे काम करावे, पण मैदानावर सर्वांबरोबर असावे. तीन दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिली तर वर्गमैत्रिणीच्या हाती गृहपाठ घरी पोहोचावा आणि बुडालेली चाचणी आल्यावर घ्यावी. पानाच्या खालच्या भागात आम्ही लिहिले : ताप, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा डोळे एकाएकी जास्त पिवळे दिसणे यांपैकी काही झाले तर वाट न पाहता आम्हांला आणि आरोग्य केंद्राला फोन करावा. साधे अंग दुखत असेल तर पाणी द्यावे, ऊब द्यावी, झोपू द्यावे. विशेष शिक्षक याला वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणतात. गावात त्याचे नाव ‘पोरीचा कागद’ असे पडले. त्यावर मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, विशेष शिक्षक आणि मी अशा चार सह्या झाल्या. खर्च झाला तो स्वच्छतागृहाच्या कडीचा, आणि ती मी लावून दिली.

सगळे सुरळीत झाले असे म्हणता येणार नाही. डिसेंबरच्या थंडीत ती पुन्हा सहा दिवस घरी होती आणि त्यांतले दोनच दिवस गृहपाठ आला, कारण मैत्रीणही आजारी पडली. सत्राची एक चाचणी राहूनच गेली. विशेष शिक्षक त्या वर्षात आमच्या शाळेत एकूण चार वेळा आले. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितलेले आहे. आमचे सर मोटारसायकलवर किती गावे फिरतात हे पाहिल्यावर तो आकडा वाचून हसावे की रडावे हे कळत नाही. तरीही मुलगी शाळेत पाणी पिऊ लागली, आणि आमच्यासाठी त्या वर्षाची मोठी बातमी हीच होती.

पुढे बाईंची बदली झाली. नव्या बाई आल्या त्या पहिल्याच आठवड्यात मी कागदाची प्रत घेऊन गेलो, कारण बदलीबरोबर माहितीही निघून जाते हे एव्हाना समजले होते. त्यांनी तो वाचून हजेरीपटाच्या आत चिकटवला.

आता शेजारच्या गावातील एक आजी माझ्याकडे येते. तिच्या नातवाला फळ्यावरचे दिसत नाही, चष्मा लावूनही अक्षरे डोळ्यांजवळ धरावी लागतात, आणि आधी प्रमाणपत्र आणा मग बघू, असे तिला शाळेत सांगण्यात आले. त्याची नोंदणी मी सेवा केंद्रात करून दिली आहे, मंडळाची तारीख पुढल्या महिन्यातली आहे. दरम्यान गेल्या सोमवारी मी तिच्याबरोबर शाळेत गेलो आणि कलम 16 ची प्रत वर्गशिक्षकांसमोर ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली, किती टक्के आहे असे एकदा विचारले, मी अजून ठाऊक नाही असे सांगितले. मग त्यांनी मुलाला दप्तर उचलायला सांगितले आणि त्याचा बाक फळ्यासमोर पहिल्या ओळीत आणून ठेवला.