व्हेंटिलेटरच्या मोडचं भांडण आणि २६० एमएल

पावसाळ्यात आमच्या आयसीयूत लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) पेशंट येतातच, लावणीचा चिखल, पायाला जखम, चार दिवस अंगावर काढलेला ताप. ही बाई सिंधुदुर्गातून आली ती आधीच श्वासनलिकेत ट्यूब टाकून, एक्सरेवर दोन्ही फुप्फुसं पांढरी, ८० टक्के ऑक्सिजनवर पीएओटू (रक्तातला ऑक्सिजनचा दाब) जेमतेम ६२, म्हणजे सिव्हिअर एआरडीएस, फुप्फुसं सुजून पाण्याने भरलेली.

व्हेंटिलेटर प्रेशर कंट्रोलवर, म्हणजे ठरलेल्या दाबाने हवा देणाऱ्या मोडवर, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) १० आणि वर १८, एकूण २८. ज्युनिअर म्हणाला मॅडम, ३० च्या आत आहे, चाललंय की. मी म्हटलं व्हॉल्यूम बघ, एका श्वासात किती हवा जाते ते. स्क्रीनवर ४१० एमएल. बाई वजनाला ७५-७८ किलो, त्या हिशोबाने काहीच नाही, पण फुप्फुस वजनाबरोबर वाढत नाही ना, ते उंचीवर ठरतं. सिस्टरांनी कापडी टेप आणली, टाच ते डोकं, १५० सेंटिमीटर. म्हणजे हिशोबाचं वजन ४३ किलो आणि ४१० म्हणजे किलोला साडेनऊ एमएल! सहाच्या हिशोबाने हवेत २६०. १२ ऐवजी ६ एमएल दिले तर मृत्यू ४० टक्क्यांवरून ३१ वर येतात हे २००० सालीच अमेरिकेतल्या मोठ्या ट्रायलने दाखवलंय, तरी उंची मोजायचा कंटाळा काही जात नाही.

प्रेशर कंट्रोलची गंमत अशी की प्रेशर तुम्ही ठरवता, व्हॉल्यूम फुप्फुस ठरवतं, आणि पेशंट स्वतः जोरात ओढत असेल तर मशीन २८ च दाखवतं पण फुप्फुसावर ताण त्याहून जास्त पडतो. म्हणून व्हॉल्यूम कंट्रोल लावला, दर श्वासाला ठरलेले २६०, रेट मिनिटाला ३०. लगेच दुसरं लफडं. बाईची हवेची भूक भागेना, मशीनचा एक श्वास संपायच्या आत ती दुसरा ट्रिगर करायची, ग्राफवर उंटाच्या पाठीसारखी दोन उंचवटे, आत गेले ५२०. मोड बदलून काय मिळवलं मग? सिडेशन वाढवलं, अॅट्राक्युरियम (स्नायू ढिले करणारं रिलॅक्संट) सुरू केलं, तेव्हा कुठे शांत झाली. पीप १२, प्लॅटो (श्वास आत थांबवून मोजलेला दाब) २८, ड्रायव्हिंग प्रेशर (प्लॅटोतून पीप वजा) १६. कमी हवेमुळे रक्तातला सीओटू वाढून ५८ आणि पीएच उतरून ७.२५, ते चालवून घेतलं.

ज्युनिअरला एपीआरव्ही (बराच वेळ वरचा दाब धरून मधेच थोडा सोडणारा मोड) लावून बघायचं होतं. मला त्याचा राग नाही, पण ज्या मोडची रात्रपाळीच्या सगळ्यांना सवय नाही तो पहाटे तीनला कोण सांभाळणार? त्यापेक्षा पालथं घालू म्हटलं. २०१३ च्या फ्रान्समधल्या ट्रायलमध्ये सलग १६ तास पालथं ठेवून २८ दिवसांतले मृत्यू ३३ वरून १६ टक्क्यांवर आले होते, एवढा फरक कुठल्या मोडने दाखवलाय? पाच जण लागलो, एक फक्त ट्यूब धरायला. मुलगा काचेतून बघून घाबरला, "मॅडम, आवशीक उलटी कित्याक निजवलास?" त्याला सांगितलं, पाठीकडचा दबलेला भाग उघडायला. सकाळी प्लॅटो २४, ड्रायव्हिंग प्रेशर १२, ऑक्सिजन ५५ टक्क्यांवर.

पुढे रिलॅक्संट बंद करून प्रेशर सपोर्टवर (श्वास तिचा, मशीनचा फक्त दाबाचा हातभार) आणली तेव्हा ज्युनिअरने टोमणा मारलाच, आता कसं प्रेशर चालतं? चालतं बाबा, आता तिने स्वतः श्वास घ्यायलाच हवाय. सपोर्ट १४ वर व्हॉल्यूम ४०० दिसायला लागला तसा त्यानेच न सांगता १० वर आणला.