सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे का पाठवत नाही?

सांगलीतले डॉक्टर मित्र मला भेटले की हेच विचारतात: ‘तृतीयपंथी पेशंट घेऊन तुम्ही कशाला बसता? तुम्ही काही तज्ज्ञ नाही. मिरजेला मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्या आणि मोकळ्या व्हा.’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

चिठ्ठी मीही देते. नैराश्य खोल असेल तर त्याच दिवशी देते. पण निव्वळ ट्रान्सजेंडर आहे म्हणून देत नाही. तो मनाचा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत ते मानसिक आजारांत धरलेलंच नाही. आजार येतो तो घरातून हाकलल्यावर, स्टँडवर टवाळी सोसल्यावर. झोप उडते, पित्त होतं, छातीत धडधडतं, आणि ते घेऊन माणूस आधी माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरच्याच दवाखान्यात येतं.

तासगावकडची एक मुलगी अशीच पित्तासाठी यायची. मुलगा म्हणून वाढवलेली, घरची द्राक्षबाग. केसपेपरवर जुनं नाव. कंपाउंडरनं ते पुकारलं की उठायचीच नाही, नंबर गेला तरी बसून राहायची. मी तिला विचारून नाव बदलून घेतलं. त्या दिवशी पोट तपासताना झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, मग सरळच विचारलं, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, एवढं तरी आपण डॉक्टरांनी मान्य करावं.

‘येतं,’ ती म्हणाली. ‘फवारणीचं औषध शेडमध्येच असतंय.’

बाहेर थोरला भाऊ होता. त्याला सांगू का म्हटलं, तर बराच वेळ गप्प. मग, ‘बाटल्यांचं सांगा. बाकीचं नको.’

तेवढंच सांगितलं: औषधं कुलपात, किल्ली आईकडे. त्यानं विचारलं, ‘मॅडम, याला सुधरायची गोळी नाही का?’ नाही म्हटलं. असे ‘सुधारण्याचे’ उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत. मिरजेला त्याच दिवशी पाठवलं, पण आधी फोन करून, तिथं कुठल्या नावानं हाक मारायची ते सांगून. चिठ्ठीवर टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर लिहिला आणि आठवड्यानं माझ्याकडेही बोलावलं.

मी तज्ज्ञ नाही, हे तुमचं खरं. संध्याकाळच्या गर्दीत वेळही नसतो. पूर्वी मीच म्हणायचे, दवाखान्यात सगळे सारखे, वेगळं काही विचारू नये. ते आजही मला साफ खोटं वाटत नाही. कान दुखतो म्हणून आलेल्या माणसाला दर वेळी मनाचं विचारणं हाही जाचच. कुठं थांबावं, ते पेशंटगणिक बदलतं.

ती येते अजून. भावाला आत घ्यायचं का, यावर तिचं आणि माझं एकमत झालेलं नाही.