पेस्सेची डोण: तिसरा आठवडा

मंडळी, पेस्सेच्या जुन्या होडीच्या मॉडेलचं पोट कोरून झालं! शिवणीचा ओंडका, ६० सेंमी लांब, ९ सेंमी रुंद. मूळ होडी २९८ सेंमी लांब आणि ४४ सेंमी रुंद, म्हणजे आपलं मॉडेल १:५ चं.

नव्यांसाठी: नेदरलँड्समधल्या पेस्से गावाजवळ १९५५ साली महामार्गाचं काम चालू असताना ही सापडली. पाइनच्या एकाच खोडातून कोरलेली, इ.स.पू. ८०४० ते ७५१० च्या दरम्यानची. आजवर सापडलेल्या होड्यांत सर्वांत जुनी हीच मानतात.

आठवडा सगळा जाडी सांभाळण्यात गेला. आतून कोरताना बाहेरच्या अंगाला किती लाकूड उरलंय ते कळत नाही. म्हणून बाहेरून ८ मिमी खोल भोकं पाडली आणि टोकाला निळी शाई लावलेल्या बांबूच्या काड्या त्यांत ठोकल्या. गोल पटाशीखाली निळा ठिपका दिसला की हात थांबवायचा. एका टोकाला बारीक भेग गेली. दोन्ही टोकांना आधीच मेण लावायला हवं होतं.

काहींना पेस्सेला सापडलेली ती वस्तू होडी वाटतच नव्हती, जनावरांचं कुंड वाटत होतं. हे वाचलं आणि मला आपली डोण आठवली. गुरांना पाणी पाजायची ती डोण. आणि संस्कृतात द्रोणी म्हणजे लाकडी कुंडही आणि होडीही. मुळाशी ‘द्रु’, म्हणजे लाकूड. जेवणातला द्रोणही याच घरातला. कोरलेल्या खोडाला दोन्ही कामं जमतात, हे भाषेला आधीच ठाऊक होतं.

अशा होडीसाठीच्या ‘कनू’ (canoe) या इंग्रजी शब्दाची गोष्ट वेगळी. १३ ऑक्टोबर १४९२ च्या नोंदीत कोलंबस बहामातल्या एकखोडी होड्यांना ‘अल्मादिया’ म्हणतो, हा अरबीतून आलेला शब्द. पुढे तो तिथल्या लोकांचाच ‘कनोआ’ वापरू लागला आणि १४९५ च्या सुमारास नेब्रिहा या भाषापंडिताच्या स्पॅनिश कोशातही तो आला.

पेस्सेची पूर्ण मापाची प्रतिकृती २००१ साली पाण्यात वल्हवून पाहिली, छान चालली. मीही काल टबात पाहिलं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही पाचपट लहान, म्हणून वजन ५×५×५ म्हणजे १२५ पट कमी: ६० किलोचा माणूस १२५ ने भागला की ४८० ग्रॅम. तेवढं मीठ पिशवीत बांधून मधोमध ठेवलं. काठ दोन बोटं वर राहिला. पिशवी मागे सरकवली तर मागचा काठ पाण्याला टेकला. आता बूड आणखी २ मिमी तासून पुन्हा तरंगवणार.