आबांचे गुडघे आणि चिखलदऱ्याचा घाट

गाडी घ्यायची हे ठरलं होतं, कोणती यावर मात्र आमच्या घरी सहा महिने खल चालला होता. ह्यांना मायलेज हवं, पोराला टचस्क्रीन, आणि चालवणार मी. शेवटी पोळा झाला, शेतातली घाई जरा ओसरली आणि भाऊजींची उंच डबागाडी नि माझ्या भावाची बुटकी हॅचबॅक अशा दोन्ही घेऊन आम्ही दारव्ह्याहून चिखलदऱ्याला निघालो. आठ माणसं, दोन गाड्या. वाटेत जागा बदलत जायचं, एवढा एकच नियम. शोरूमची चक्कर दहा मिनिटांची असते आणि दहा मिनिटांत कुठलीही सीट मऊच लागते.

रस्ता कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, परतवाडा असा. पहाटे पाचला निघालो. कारंज्याला गुरुमंदिरात दर्शन घेतलं आणि बाहेर आल्यावर पहिला निकाल लागला. आबांना बुटक्या गाडीतून उतरता येईना. एक हात दाराला, एक माझ्या खांद्याला, तरी बूड उचलेना. "सुनबाई, हे तं पंगतीत बसल्यावानी झालं. बसाले कोनी बी बसीन, उठवाले दोन मानसं लागतीन."

मग मी दोन्ही गाड्यांशेजारी आबांना उभं करून पाहिलं. बुटक्या गाडीची मागची सीट त्यांच्या गुडघ्याच्या खाली येते, उंच गाडीची गुडघ्याच्या वर चार बोटं. एकीत खाली बसायचं, दुसरीत नुसतं सरकायचं. फरक वितीएवढाही नाही, पण सत्तरीच्या गुडघ्याला विचारा. ब्रोशरमध्ये सीटची ही उंची सहसा छापत नाहीत. गाडीची उंची छापतात, त्यावरून थोडा अंदाज येतो: वॅगन आर १६७५ मिलिमीटर, टियागो १५३५, स्विफ्ट १५२०.

कारंज्यापुढे मी मागे बसले, बुटक्या गाडीत, मध्ये. पाय कुठे ठेवायचे हाच प्रश्न. गाडीच्या फरशीला मधोमध उंचवटा असतो, त्याच्या दोन्हीकडे एकेक पाय टाकून घोड्यावर बसल्यासारखी बसले. पाठीला मधला फुगवटा टोचतो, डोक्यामागे आधार नाही आणि पट्टा नुसता पोटावरचा. काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता पावसाळ्यात फुगतो नि मग खचतो, त्यामुळे गाडी खड्ड्यात कमी आणि लाटांवर जास्त जाते. प्रत्येक लाटेला मधला माणूस छताकडे. अर्ध्या तासानं मी पोराला मध्ये टाकलं. छोट्या गाड्या कागदावर पाच जणांच्या असतात. मागे दोन मोठे आणि एक लेकरू, हा खरा हिशोब.

मूर्तिजापूरला आलुबोंडा-रस्सा खाल्ला आणि आबांना शकुंतलेचे, म्हणजे इथल्या जुन्या छोट्या रेल्वेचे, रूळ दाखवायला नेलं, किंवा त्यांनीच आम्हाला नेलं. गाडी बंद पडून वर्षं झाली, रुळांवर गवत वाढलंय. दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. आबा याच गाडीनं अचलपूरला जायचे. "खिडकीले टेकून मांडी घालून बसाचो," म्हणाले. रूळ एवढेसे, पण डबा दोन्ही अंगांनी रुळांबाहेर आलेला, म्हणून आत ऐसपैस. मला तिथेच पटलं की बाहेरचं माप एक आणि आतली जागा वेगळी. स्विफ्टची बाहेरची रुंदी १७३५, वॅगन आरची १६२०. साडेअकरा सेंटिमीटरचा फरक. पण दारं आत किती फुगलेली आहेत, छत खांद्याशी किती वळलंय, यावर खांद्याला काय मिळतं ते ठरतं. तिघांना मागे बसवून चारही दारं लावून बघा, टेप नंतर काढा.

लांबीचंही तसंच. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असलं तर कर कमी, म्हणून सगळ्या छोट्या गाड्या त्याच मापात कोंबलेल्या. पुढच्याला सीट मागे हवी तर मागच्याचे गुडघे दाबले जातात. भाऊजी सहा फुटी. त्यांची सीट त्यांच्या मापात लावून मग त्यांच्याच मागे बसून बघायचं, ही परीक्षा आम्ही दर्यापूरला घेतली. दोन्ही गाड्यांत माझ्या गुडघ्यापुढे मूठभर जागा उरली. पण मांडीखाली हात घातला तर बुटकीत आख्खा पंजा गेला, कारण सीट खाली आणि गुडघे वर. वजन सगळं माकडहाडावर. तासाभरानं कंबर भरून आली ती त्यामुळे. उंच गाडीत पाय खाली सुटतात, मांडी टेकते.

आता उंच गाडीची बाजू संपली, कारण परतवाड्यानंतर घाट सुरू झाला. धामणगाव गढी मागे पडलं, वळणं लागली आणि उंच गाडी प्रत्येक वळणाला कलायला लागली. मागची सीट सपाट, रेक्झिनचं कव्हर गुळगुळीत, त्यामुळे जाऊबाई एकदा दाराला, एकदा आईंना. पुतणीनं दोनदा गाडी थांबवायला लावली, एकदा थांबेपर्यंतही धीर धरला नाही. तिला बुटकीत पुढे बसवलं, तशी गप झोपली. बुटकी रस्त्याला चिकटून जाते. तेव्हा घाटात लेकरं बुटकीत, म्हातारी माणसं उंच गाडीत, अशी वाटणी झाली.

चिखलदरा १११८ मीटरवर. वर धुकं एवढं की भीमकुंडाची दरी नुसती ऐकू आली. गाविलगड दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला, तोही तासभर. आत चार जणांच्या श्वासानं काच धुरकट होते. पुसत बसू नका, एसी लावा आणि हवा काचेवर सोडा.

तुम्ही जाणार असाल तर पेट्रोल परतवाड्यातच भरा आणि अंधार पडायच्या आत घाट संपवा. पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. आणि गाडी बघायला जाणार असाल तर मे महिन्यातलं ऊन डोक्यात ठेवून जा. मागच्यांसाठी वेगळा एसीचा झोत बऱ्याच छोट्या गाड्यांत नसतो. ग्रँड आय टेन निऑस, एक्स्टर, नवी स्विफ्ट यांच्या वरच्या मॉडेलांत तो मिळतो. सीएनजी घेत असाल तर डिकी उघडून टाकी कुठे बसवलीय ते पाहा. वॅगन आरची डिकी पेट्रोलमध्ये ३४१ लिटर, पण मोठी टाकी आली की आईंची वळकटी मांडीवर. सीट कव्हरची घाई नको. जाड कव्हर जागा खातं, पट्ट्याची कुलपं गिळतं, आणि सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर तिची वाटही अडवतं.

येताना अंजनगावची पानं घेतली, ओल्या फडक्यात गुंडाळून दाराच्या खणात. घरापर्यंत टवटवीत राहिली.

परवा यवतमाळला शोरूममध्ये गेलो. सेल्समननं कौतुकानं बॉनेट उघडलं. आबा तिकडे फिरकलेच नाहीत. मागचं दार उघडून बसले, उठले, पुन्हा बसले. मग आतूनच म्हणाले, "चहा सांग."